वाघोबाच्या पेठेनं न पाहिलेला गोल

"अरे, नंदूला दे! मोकळा उभा आहे तो, त्याला दे!"

मोमीन सर रेषेच्या कडेनं धावत ओरडत होते. नंदू मोकळा उभा आहे, हे मलाही दिसत होतं. त्याच्यासमोर फक्त गोलकीपर होता. आंधळ्यानंसुद्धा त्यालाच पास दिला असता. मी मागं वळलो आणि बॉल बाजीला दिला. बाजीच्या अंगावर तिघं जण होते. पुढं काय झालं ते सांगत नाही. मोसमापूर्वीचा तो साधा मैत्रीपूर्ण सामना आम्ही इतक्या गोलांनी हरलो की सरांनी शेवटी मोजणं सोडून दिलं आणि गवतावर बसून राहिले.

यात माझी काही चूक आहे असं मला तेव्हा अजिबात वाटलं नव्हतं. नंदू इंगवले चिंचेच्या तालमीचा होता आणि मी वाघोबा तालमीचा. कोल्हापुरात याहून जास्त काही सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे. तालमीचा गणपती असतो, तालमीची फुटबॉल टीम असते, आणि पोरगं पाळण्यात असतानाच त्याची तालीम ठरलेली असते. आमची वाघोबा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची. दोन गल्ल्या ओलांडल्या की चिंचेची तालीम, आकाशी निळ्या रंगाची. शहराच्या स्पर्धेत या दोघांची गाठ पडली की पोलिसांच्या रजा रद्द व्हायच्या.

कॉलेज मात्र दोघांचं एकच. टीममध्ये पाच आमचे, पाच त्यांचे, आणि गोलकीपर मल्लू, हॉस्टेलवर राहणारा गडहिंग्लजचा पोरगा. मल्लूला पेठ नव्हती. त्यामुळं दोन्हीकडचे फक्त त्यालाच बिनदिक्कत पास द्यायचे. गोल मारायचा समोरच्या बाजूला आणि बॉल सारखा आमच्याच गोलकीपरकडं, असला आमचा खेळ.

आमच्या बाबतीत आणखी एक भानगड होती. माझी थोरली बहीण, शोभाआक्का, चिंचेच्या पेठेत दिलेली. तिचे यजमान वसंतराव, म्हणजे माझे दाजी, आणि नंदू त्यांचा धाकटा भाऊ. लग्न ठरलं ते मोसम संपल्यावर, डोकी शांत असताना. पण लग्नाच्या वर्षीच चिंचवाल्यांनी आम्हाला फायनलला हरवलं, आणि त्यांची मिरवणूक आमच्या दारासमोर थांबून तासभर नाचली. हलगी कोण वाजवत होतं? दाजी. सासऱ्याच्या दारात, घाम पुसत पुसत.

आमचे आबा म्हणजे वाघोबा तालमीचे अध्यक्ष. तालमीची पहिली फुटबॉल टीम उभी केली ती आमच्या आजोबांनी, हिंदुराव सरनाईकांनी. त्यांचं नाव मला ठेवलेलं. आबांनी त्या दिवशी खिडकी लावून घेतली आणि सांगितलं, "शोभाच्या घराची पायरी मी चढणार न्हाई." त्यानंतर आक्का माहेरी यायची, बाळंतपणाला आली, सणाला आली, पण आबा एकदाही तिच्या घरी गेले नाहीत. नातवाच्या बारशालासुद्धा गेले नाहीत. दोन्ही पेठांच्या मधल्या चौकात उभे राहिले आणि नातवासाठीची साखळी आईच्या हाती पाठवून दिली. आक्का पोरगं मांडीवर घेऊन बसली की दाराकडं बघत बसायची, आणि ते मला बघवत नसे.

*

मोमीन सर मिरजेचे. त्यांना आमच्या पेठांचं काही पडलेलं नव्हतं. त्या मार खाल्लेल्या सामन्यानंतर त्यांनी आम्हाला ना पळवलं, ना दंड काढायला लावले. म्हणाले, "उद्या सकाळी सरावानंतर नाष्टा माझ्याकडून. वाघोबावाले चिंचेच्या पेठेत मिसळ खाणार. पुढच्या रविवारी चिंचवाले वाघोबाच्या पेठेत. आणि एका प्लेटमध्ये दोघं. जोड्या मी लावणार."

बाजी म्हणाला, "सर, त्यापेक्षा ग्राउंडला पन्नास चकरा मारतो."

"मिसळ," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा चिंचेच्या पेठेत मिसळ खाल्ली. समोर नंदू. एकच ताटली. हॉटेलातली सगळी गिऱ्हाईकं खाणं थांबवून आमच्याकडं बघत होती. मी ब्रेडचा तुकडा बुडवला तेव्हा मालकानं मुद्दाम वरून कट ओतला, डोळ्यांत पाणी येईल इतका तिखट.

"कशी हाय, पाव्हणं?" नंदूनं विचारलं. सोयरीक झाल्यापासून तो मला पाव्हणंच म्हणायचा, तेही चारचौघांत, मुद्दाम.

"बरी हाय."

"बरी? नाकातनं पाणी आलंय की तुमच्या."

"आमच्या पेठेत यापेक्षा झणझणीत मिळती."

"मग पुढच्या रविवारी बघू की," नंदू म्हणाला आणि शेवटचा फरसाणाचा घास माझ्याकडं सरकवला. खरं सांगतो, मिसळ आमच्यापेक्षा चांगली होती. पण हे मी आजही पेठेत बोलत नाही.

मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. आबा पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी आक्काही पोराला घेऊन आलेली, आतल्या दारात उभी होती.

"कुठनं आलास?"

"सरावाहून."

"तोंडाला कट लागलाय. आपल्या पेठेतला कट इतका लाल नसतोय."

मी तोंड पुसलं. आबा म्हणाले, "आजोबाचं नाव लावतोस. आणि त्यांच्या ताटलीत जेवतोस?"

"सरांनी सांगितलंय आबा. एकमेकाला पास द्यायला शिकायचं म्हणून. टीम चांगली हाय, कॉलेजांची लीग जिंकू शकतो आम्ही. कॉलेजनं आजवर कधी जिंकलेली न्हाई."

आबा हसले. त्या हसण्यात सगळी पेठ हसत होती. "वाघोबाचं पोरगं आणि चिंचेचं पोरगं एकमेकाला पास देऊन चॅम्पियन होणार? अरं, ज्या दिवशी ते होईल ना, त्या दिवशी मी शोभाकडं जेवायला जाईन!"

आबांनी ते चेष्टेत म्हटलं होतं, सूर्य पश्चिमेला उगवेल म्हणावं तसं. पण आक्का दारातून बाहेर आली. पोराला तिनं कडेवर नीट घेतलं आणि म्हणाली, "आबा, काय म्हणालासा ते सगळ्यांनी ऐकलंय."

"बरं मग?"

"मग काय न्हाई. तांबडा रस्सा करू का पांढरा, तेवढं आधी सांगून ठेवा."

आमच्या घरात शब्द फिरवायची पद्धत नव्हती. आक्का जाताना मला चौकापर्यंत घेऊन आली. तिथं थांबून एवढंच म्हणाली, "हिंदू, नंदूला पास दे रे बाबा." आणि पदरानं डोळे पुसत तिच्या पेठेत निघून गेली.

त्या दिवसापासून माझ्यासाठी ती नुसती लीग राहिली नाही.

*

पण डोक्यानं ठरवलेलं पायाला कळायला वेळ लागतो. पहिल्या सामन्यात मी नंदूला पास दिला तो इतका जोरात, की शिवी दिल्यासारखा. त्यानं तो छातीवर घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि तसाच मला परत दिला, त्याहून जोरात. असं करत करत आम्ही दोघं समोरच्यांच्या गोलपर्यंत कसे पोचलो ते आम्हालाच कळलं नाही. नंदूनं गोल मारला आणि सवयीनं आपल्या पेठवाल्यांकडं धावत निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. वळून आला आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारून गेला. आमच्या टीमचा पहिला खरा गोल तो.

त्यानंतर रविवारच्या मिसळीला रंग चढला. बाजी आणि चिंचेचा एक जाडा बॅक एका प्लेटीवरून भांडायचे, पण भांडण फरसाणाचं असायचं, पेठेचं नाही. मल्लू बिचारा उदास झाला, कारण त्याच्याकडं आता कोणी बॉलच पाठवेना. आम्ही जिंकत गेलो. इचलकरंजीवाल्यांना हरवलं, कऱ्हाडला जाऊन जिंकलो, साताऱ्यात पडत्या पावसात बरोबरी साधली आणि एसटीत गाणी म्हणत परत आलो. मोमीन सर खिडकीशी बसून झोपल्याचं सोंग करत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

शेवटचा सामना आमच्याच शहरात, सांगलीच्या कॉलेजशी. गुणांत ते आमच्या थोडे पुढं. त्यांना बरोबरी पुरणार होती, आम्हाला जिंकायलाच हवं होतं.

त्या दिवशी स्टेडियमवर दोन्ही पेठा आल्या. एका बाजूच्या पायऱ्यांवर वाघोबावाले, पिवळे-काळे. दुसऱ्या बाजूला चिंचवाले, आकाशी टी-शर्ट घालून. कॉलेजची टीम आपली मानायची की नाही याचा निर्णय दोन्हीकडं झालेला नव्हता, त्यामुळं घोषणा अर्धवट उठायच्या आणि अर्धवटच बसायच्या. आबा पहिल्या पायरीवर, मिशीला पीळ देत. पायांशी गुलालाचं पोतं. आबांचा गुलालाच्या बाबतीत कडक नियम होता: शेवटची शिट्टी वाजल्याशिवाय पोत्याचं तोंड उघडायचं नाही. एकदा एका पोरानं आधी मूठ भरली म्हणून आबांनी त्याला वर्षभर तालमीत घेतलं नव्हतं.

आम्ही पांढऱ्या शर्टात. सांगलीवाले लाल. ते सगळे मिळून आपल्याच गोलपुढं भिंत करून उभे राहिले. आम्ही धडका मारत राहिलो. पहिला अर्धा तसाच गेला, दुसराही जाऊ लागला. माझ्या डोळ्यांपुढं सारखी आक्का येत होती, चौकात उभी राहून डोळे पुसणारी. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असतील, तेव्हा नंदूनं डाव्या कडेनं तिघांना चकवलं आणि बॉल मधे टाकला. मी धावत आलो आणि होतं नव्हतं ते सगळं त्या लाथेत घातलं. जाळं फुगलं.

त्यानंतर जे झालं ते आमच्याच पेठेला करता येतं. अख्खी वाघोबाची पेठ कठडा ओलांडून मैदानात आली. आणि सगळ्यांच्या पुढं, धोतराचा सोगा हातात धरून, पोतं खांद्यावर घेऊन, कोण? आबा! "माझा लेक! माझा लेक!" म्हणत त्यांनी जवळजवळ अख्खं पोतं आमच्यावर पालथं केलं. मला डोळे उघडता येईनात. सगळं मैदान गुलाबी झालं. बाजीला आबांनी मिठी मारली, जाड्या बॅकला मिठी मारली, तो चिंचेचा आहे हे न बघता. मोमीन सर ओरडत होते, "आबासाहेब, मॅच संपलेली नाही! संपलेली नाही!"

शिट्टी वाजत होती. रेफ्री पुण्याहून आलेले, चष्म्याचे, शांत गृहस्थ. गर्दी पायऱ्यांवर परत गेल्यावर त्यांनी आमच्याकडं पाहिलं, मग सांगलीवाल्यांकडं पाहिलं. त्यांच्या लाल शर्टांवर गुलाल, आमच्या पांढऱ्यांवर गुलाल. बावीसच्या बावीस एका माळेचे मणी.

"कोण कुठला, मला ओळखता येत नाही," रेफ्री म्हणाले. "तुमच्या लोकांनी केलंय हे. दहा मिनिटांत दुसऱ्या रंगाचे, सगळे एकसारखे शर्ट घालून या. नाहीतर सामना रद्द धरून दोघांना गुण वाटून देतो."

गुण वाटले की सांगली चॅम्पियन. आणि कॉलेजकडं शर्टांचा दुसरा जोड नव्हता. सरांनी वाघोबावाल्यांकडं बघितलं. त्यांचे पिवळे-काळे शर्ट गुलालानं माखलेले, कारण मैदानात धावले होते ते. मग आमची सगळ्यांची मान एकदमच दुसरीकडं वळली.

चिंचवाले जागचे हलले नव्हते. गोल वाघोबाच्या पोरानं मारलेला, त्यामुळं टाळ्या वाजवाव्यात का नाही यातच त्यांचा वेळ गेला होता. त्यांचे शर्ट आकाशासारखे स्वच्छ निळे होते.

पहिल्यांदा उठले ते दाजी. त्यांनी अंगातला टी-शर्ट काढला, बनियनवर कठड्यापाशी आले आणि शर्ट खाली टाकला. त्यांच्यामागं आणखी दहा जणांनी काढले. नंदू ते गोळा करून आला आणि दाजींचा शर्ट त्यानं माझ्यापुढं धरला.

"पाव्हणं, दादाचा हाय. घामाचा वास मारतोय, पण निळा हाय."

मी हात पुढं केला नाही. बाजी आणि आमचे बाकीचे तिघं माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"हिंद्या, मी घालणार न्हाई," बाजी म्हणाला. "मला त्याच पेठेत ऱ्हायचंय लगा. उद्या पोरं माझ्या दारावर निळा रंग मारतील."

"आणि चॅम्पियन?"

"तू घाल आधी. तू घातलास तर घालतो."

मी घालणार कसा? माझं नाव हिंदुराव सरनाईक. शर्ट घातला तर आबा आक्काच्या घरी जाणार नाहीतच, वर माझ्याशीही बोलणार नाहीत. नाही घातला तर लीग गेली आणि आक्काची पायरी जन्मभर तशीच राहिली. दोन्हीकडून आक्काचंच नुकसान. मला खरोखर रडू येत होतं, आणि गुलालामुळं कोणाला ते कळत नव्हतं एवढंच.

मोमीन सर आबांकडं गेले. आबा रेषेशी उभे होते, टाळूपासून पायापर्यंत गुलाबी, हातात रिकामं होत आलेलं पोतं. सरांनी काय झालं ते सांगितलं. आबांनी आधी पोत्याकडं बघितलं, मग आमच्या शर्टांकडं, मग नंदूच्या हातातल्या निळ्या गठ्ठ्याकडं.

"म्हंजे माझ्यामुळं झालं हे," आबा म्हणाले.

सरांनी नुसतं मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

आबा वळले. जड पावलांनी पायऱ्या चढून आपल्या जागेवर गेले. तिथं उभे राहून त्यांनी मैदानाकडं पाठ केली, मागच्या भिंतीकडं तोंड केलं, आणि तालमीत हुकूम द्यायचे तसा आवाज लावला:

"वाघोबाची सगळी पोरं! पाठ करा!"

कोणाला काही समजेना.

"पाठ करा म्हणतोय! आपण काय बघितलं न्हाई, आपल्याला काय म्हाईत न्हाई!"

आणि पायऱ्यांवरची सगळी पेठ वळली. म्हातारे वळले, पोरं वळली, हलगीवाला हलगीसकट वळला. शेकडो पाठी आमच्याकडं झाल्या. बाजीनं हे डोळे भरून पाहिलं, नाक ओढलं आणि म्हणाला, "मग काय हरकत न्हाई. आण हिकडं."

*

खेळ सुरू झाला आणि लगेच आम्ही गोल खाल्ला. दोष कोणाचाच नव्हता. आम्ही सगळे त्या पाठींकडं बघत होतो. मल्लूसुद्धा तिकडंच बघत होता. एक-एक. बरोबरी म्हणजे सांगलीच.

पायऱ्यांवर काय चाललं होतं ते मला मागाहून दहा जणांनी सांगितलं, दहाही जणांनी तिखटमीठ लावून. सांगलीवाल्यांचा जल्लोष कानावर पडला तशी आमची पेठ भिंतीकडं तोंड करून तडफडायला लागली. काय झालं ते कळायची सोय नाही आणि मान वळवायची मुभा नाही. तेवढ्यात दाजी बनियनवरच पलीकडून चालत आले आणि आबांच्या शेजारी उभे राहिले. त्यांचं तोंड मैदानाकडं, आबांचं भिंतीकडं.

आबांनी घसा खाकरला. मग लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाशी बोलले.

"जावईबापू, बॉल कुठाय?"

"आपल्या गोलसमोर हाय, मामा. एक-एक झालंय."

"अरं देवा. आता?"

"आता मल्लूनं लांब मारला. बाजीकडं. बाजीनं आमच्या जाड्याला दिला."

"वाघोबानं चिंचेला?"

"व्हय मामा. जाड्यानं नंदूला. नंदू पळालाय कडेनं."

पुढचं मी मैदानातून सांगतो. नंदू कडेनं पळत होता आणि मी मधून. घड्याळात वेळ उरलेला नव्हता. रेफ्रीनं शिट्टी तोंडाजवळ नेलेली मला दिसली. नंदूनं बॉल आत टाकला, सुरेख, बरोबर माझ्या कपाळासाठी बेतलेला. मी उडी मारायला पाय रोवला, आणि खाली सांडलेल्या गुलालाच्या थरावर पाय सरकला. मी चक्क फतकल मारून गोलच्या तोंडाशी बसलो, गोलकडं तोंड करून. बॉल मागून टप्पा खात आला, माझ्या बुडावर आपटला आणि वळून जाळ्यात गेला.

क्षणभर सगळे थक्क झाले. गोलकीपर माझ्याकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं. मग शिट्टी वाजली, एकदा गोलची, आणि थोड्याच वेळात शेवटची.

पायऱ्यांवर आबा ओरडत होते, "काय झालं? जावईबापू, काय झालं?"

आणि माझ्या दाजींनी, देव त्यांचं भलं करो, छाती भरून सांगितलं, "हिंदूनं हेड मारला मामा! काय हेड मारला! गोल! चॅम्पियन!"

तेव्हा वाघोबाची पेठ वळली. तोवर आम्ही अंगातले शर्ट काढून हवेत फिरवत होतो, त्यामुळं कोणी निळ्यात होतं असं कोणाला म्हणता येणार नव्हतं. आबांनी पोत्यातला उरलेला गुलाल दाजींच्या बनियनवर ओतला. हलगीवाल्याच्या हातातली हलगी घेतली आणि दाजींच्या हातात दिली.

"वाजवा," म्हणाले. "तुमाला येतीय चांगली. ऐकलीया मी."

त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही पेठांतून नाचत गेलो. नंदूला वाघोबाच्या पोरांनी खांद्यावर घेतलं. मोमीन सरांना उचलायला गेलो तर ते पळाले, पण पुढच्या चौकात सापडले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, हिंदुराव सरनाईकच्या अप्रतिम हेडरमुळं विजेतेपद. वार्ताहरानं दाजींनाच विचारलं होतं.

*

रविवारी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, कोट घातला. दाजींचा निळा शर्ट आईनं तीनदा धुवूनही गुलाबीच राहिला होता. आबांनी तो कागदात गुंडाळला आणि काखेत मारला.

"कुणाचं उसनं ठेवायचं न्हाई," कोणी न विचारताच ते म्हणाले. "परत द्यायला चाललोय."

चौक आला. आबा थोडे थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि चालू लागले. चिंचेच्या पेठेतल्या कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली. आक्काच्या दारातली पायरी चढताना आबांनी कठड्याला हात लावला. आक्का आत उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला आणि वर उठलीच नाही. आबांनी तिला खांद्याला धरून उठवलं. नातवानं तेवढ्यात आबांच्या काखेतला कागद फाडून शर्ट बाहेर काढला आणि डोक्यात घातला.

पंगत बसली. तांबडा होता, पांढरा होता, सुकं मटण होतं. दाजी रंगात आले. आबांच्या शेजारी बसून त्यांनी पुन्हा त्या गोलचं वर्णन लावलं. "मामा, काय सांगू! नंदूनं बॉल असा टाकला, आणि हिंदू असा हवेत, हातभर वर! आणि कपाळानं जो मारला..."

नंदू आणि मी ताटात तोंड घालून बसलो होतो. अख्ख्या चिंचेच्या पेठेनं खरं काय ते पाहिलं होतं, आणि त्या पेठेनं आजतागायत त्याबद्दल तोंड उघडलेलं नाही. आमच्या पेठेनं पाहिलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आबा मटणाची नळी फोडत होते. तंद्रीत होते. तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाले, "कसला हेड घेऊन बसलाय जावईबापू! पाय सरकून फतकल मारून बसलेलं हे बेणं. बुडाला लागून गेला गोल."

सगळ्यांचे हात थांबले. नंदूच्या घशात भाकरी अडकली.

"मामा," दाजी हळूच म्हणाले, "तुमी बघितलासा?"

आबांच्या लक्षात आलं. मिशीला रस्सा लागलेला होता, तो पुसायचंही त्यांना सुचेना. आक्का पळी हातात धरून समोर उभी होती आणि तिचे डोळे हसत होते.

"आबा," ती म्हणाली, "सगळ्या पेठेला पाठ करायला लावलासा की वो."

"मग?" आबा ताटाकडं बघत म्हणाले. "निळ्यात असला म्हणून काय झालं? माझं लेकरू खेळत हुतं. ते सोडून मी काय भिंत बघत बसू?"

आणि त्यांनी वाटी तिच्यापुढं केली. "पांढरा वाढ."

आक्कानं काठोकाठ वाढला.